दोन अंगांनी वळलेला कागद

वैशाख रायपूरला आला की आधी कानाला कळतो. सकाळी दहानंतर रस्ता हळूहळू गप्प होत जातो. भाजीच्या गाड्या निघून जातात, मोटारसायकली कमी होतात आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी उरते. तिच्यासोबत ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास येतो. बाहेर लू, म्हणजे भाजणारा वारा, आणि आत खस, अशी सगळ्या शहराची वाटणी होते. तोंडाला गमछा गुंडाळलेली माणसं एकमेकांना नुसत्या डोळ्यांवरून ओळखतात, आणि ओळखलं तरी थांबत नाहीत. सगळे या महिन्याला शिव्या देतात. मला हा महिना आवडतो असं मी म्हटलं, की लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

ऊन लागलेलं नाही. या महिन्यात मला माझा घुमट आठवतो. आमचा म्हणायला हवं, पण माझा म्हणायची जिभेची सवय जात नाही.

आज सकाळी विमल, म्हणजे माझी बायको, गच्चीवर सावलीत खाटेवर जुनी सुती साडी अंथरून उडदाचे पापड घालत होती. मी शेजारी बसून लाट्या करून देत होतो. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलेला माणूस मी, सत्कार घेऊन निवृत्त झालेला. पण लाट्या काही सारख्या होईनात.

"एक लिंबाएवढी, एक पेरूएवढी, असं काहून करून राहिले?" विमल म्हणाली. "डोळे कारखान्यातच ठेवून आले का?"

मी हसलो. हाताला उडदाचा चिकट, हिंगाचा वास येत होता. खाली कुणीतरी चार, म्हणजे चारोळीची फळं, विकायला आलं होतं, छत्तीसगढी सुरात ओरडत होतं. ती काळी, बोराहून बारीक फळं पानाच्या द्रोणात भरून देतात, आणि ती खाताना बी थुंकायचं विसरलं की दातच कळवतो. आमच्या आईबापांनी विदर्भ सोडला तेव्हा त्यांना हे फळ ठाऊक नव्हतं. आता माझ्या तोंडात वैशाखाची चव म्हणजे हेच फळ आणि सकाळची बासी, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर कांदा आणि मीठ.

मी गर्विष्ठ माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला हातानं करता येणाऱ्या गोष्टीचा गर्व आहे. सपाट पत्रा गोल करणं हे माझं काम होतं. यातही दोन प्रकार असतात. पत्रा एका अंगानं वळवला की नळी होते, डबा होतो, कुणीही करेल. पण तोच पत्रा एकाच वेळी लांबीतही आणि रुंदीतही वळवायचा, त्याची वाटी करायची, घुमट करायचा, तर त्याला नुसतं वाकवून भागत नाही. मधे तो ताणावा लागतो, काठाला आखडावा लागतो. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत मी त्याला पोट आणायचो. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. तळहात कुठे अडखळला नाही, तर काम झालं. कारखान्यात माझ्यासारखा तळहात कुणाचा नव्हता. हे मी म्हणत नाही, तेव्हाचे लोक म्हणायचे. पण आता मीही म्हणतो.

कागदाची गोष्ट वेगळी. कागद ताणत नाही. संत्र्याला कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडणारच. एका अंगानं तो मुकाट्यानं वळतो, आणि दुसऱ्या अंगाला वळवायला गेलं की रुसतो. हे मला निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वैशाखात कळलं, आणि फार महागात पडता पडता राहिलं.

आमच्या पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, दर बुद्ध पौर्णिमेला मिरवणूक निघते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पंचशीलाचे ध्वज, आणि पुढे सजवलेल्या हातगाडीवर स्तूप. हा स्तूप वर्षानुवर्षं थर्माकोलचा असायचा. आदल्या वर्षी लूनं त्याचं डोकं उडवलं आणि ते रस्त्याच्या कडेला गडगडत गेलं. त्यामुळे त्या वर्षी विहारात बैठक बसली. आमच्या विहाराचे सचिव रामटेके भाऊ म्हणाले, "फायबरचा नागपूरहून मागवून टाकू. टिकते बी."

सगळे हव हव म्हणाले. मला मात्र ते झोंबलं. पाऱ्यात छत्तीस वर्षं पत्रा गोल करणारा माणूस बसलेला असताना स्तूप नागपूरहून यावा?

मी उभा राहिलो. "फायबर काहून? मी करून देतो, कागदाचा. हलका राहीन, दोघांनी उचलला जाईन. अन् त्यावर एक जरी चुणी दिसली, तर पत्रावाला म्हणू नका मले."

टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट गोष्ट आहे. मी घरी आलो तो तरंगतच.

आमची मुलगी प्रज्ञा बँकेत आहे. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, मीटिंग में बोलने से पहले घर में पूछ तो लेते. कागज़ का डोम? कभी बनाया है?"

"पत्र्याचे केले ना मी."

"कागज़ पत्रा नहीं है, पापा."

पोट्टी बरोबर बोलली होती. पण पौर्णिमेला बावीस दिवस होते, त्या वर्षी ती उशिरा आली होती, अगदी नवतपाच्या दारात. नवतपा म्हणजे इथले उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस. बावीस दिवस मला पुष्कळ वाटले.

दुसऱ्या दिवशी सदर बाजारात गेलो. स्कूटरींच्या गर्दीतून अंग चोरत कागदाच्या दुकानापर्यंत पोचलो आणि जाड पांढऱ्या कार्डाचे ताव चिमटीत धरून पाहिले. कागदालाही एक अंग असतं. एका दिशेनं तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो. दुकानदार कंटाळून म्हणाला, "भैया, कागज ले रहे हो कि बहू पसंद कर रहे हो?" मी दोन डझन ताव घेतले.

घुमट दोन हात रुंद करायचा होता. घरी पडवीत खडूनं फरशीवर वर्तुळ काढलं, दोरी आणि खिळ्यानं सोळा भाग केले आणि सोळा पाकळ्यांचा नमुना काढला. खाली रुंद, वर टोक, दोन्ही बाजूंना बाक. इथवर सगळं कारखान्यासारखं. आणि कारखान्यासारखीच मी प्रत्येक पाकळीला दोन्ही बाजूंनी बोटभर जास्तीची पट्टी सोडली, पाकळीवर पाकळी चढावी म्हणून. पत्र्याला रिव्हेट मारायला अशी पट्टी लागतेच. कागदाला रिव्हेट मारत नाहीत, हे छत्तीस वर्षांच्या सवयीला कोण सांगणार?

चार दिवसांत घुमट उभा राहिला. वर टोकाशी सोळा पाकळ्यांच्या बत्तीस पट्ट्या एकावर एक चढल्या आणि तिथे लाडवाएवढा उंचवटा आला. ते एक वेळ कापता आलं असतं. खरं दुखणं दुसरंच होतं. प्रत्येक पाकळी लांबीत वळली होती, पण रुंदीत ताठ राहिली होती. त्यामुळे घुमट गोल न दिसता सोळा कोनांचा दिसत होता. विमल दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती.

"छत्री चांगली झाली," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तो घुमट फाडून टाकला. फाडताना वाईट वाटलं नाही, राग आला, आणि राग सगळा कागदावर.

मग मी ठरवलं, याला पत्र्यासारखंच वठणीवर आणायचं. पाकळ्या पुन्हा कापल्या, पट्ट्या न ठेवता, काठाला काठ भिडेल अशा. पाण्यात भिजवल्या. वाळूची पिशवी काढली, लाकडी हातोडा काढला आणि ओल्या पाकळीच्या मधोमध हलके हलके ठोकायला लागलो. पहिल्या पाकळीचा लगदा झाला. दुसरी मधे फाटली. तिसरीला थोडं पोट आलं, पण वाळल्यावर ते पोट जाऊन तिच्या काठाला झालरीसारख्या लाटा पडल्या. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्यांचं तेच. पौर्णिमा नऊ दिवसांवर आली होती. रामटेके भाऊंना फोन करून नागपूरचं सांगून टाकावं, असं त्या दिवशी मी खरोखर मनात आणलं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवला. असं दोनदा केलं. छत्तीस वर्षं ज्या हातांवर जगलो, ते हात सगळ्या पाऱ्यासमोर खोटे पडणार होते.

त्या दुपारी विमल गच्चीवरून पापड घेऊन उतरली. पडवीत माझी ठकठक चालू होती.

"काहून मारून राहिले त्या कागदाले? त्यानं काय बिघडवलं तुमचं?"

मी तिला चिडून सगळं सांगितलं. पोट आलं पाहिजे, दोन अंगांनी वळलं पाहिजे, मधे ताणलं पाहिजे, कागद ताणत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग टोपल्यातून एक पापड काढून माझ्यासमोर धरला. उन्हात जास्त राहिल्यामुळे त्याची खोल वाटी झाली होती. एकही चुणी नाही.

"याले कोणी हातोडा मारला?" ती म्हणाली.

मी पापड हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. दोन्ही अंगांनी वळलेला. तेहतीस वर्षं माझ्या घरात दर उन्हाळ्यात असे पापड होत होते, आणि मी ते तळून खात होतो.

"ऊन लागलं का काठ आधी वाळते," ती सांगू लागली. "वाळला का आखडते. मधलं ओलंच राहते, तं ते जागा करून देते. म्हणून आमी सावलीत घालतो, सपाट राहावं म्हणून. तुमाले वाटी पायजे ना? मंग उन्हात घाला. मधलं ओलं ठेवा, काठ वाळू द्या."

इतकंच. मी आयुष्यभर मधला भाग ताणत आलो होतो. काठ आखडून घेतला की मधलं आपोआप पोट धरतं, हे मला पत्र्यात ठाऊक होतं, पण पत्र्यात ते हातोड्यानं करायचं होतं. इथे ते काम लू करणार होती. जिच्या नावानं सगळं शहर दारं लावून बसलं होतं, ती आमच्या कामाची निघाली.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. गच्चीवर सहा माठ पालथे घातले. विमल पाकळी ओली करायची, डाव्या तळहाताच्या खोलग्यात धरायची आणि पळीच्या पाठीनं मधून बाहेर, मधून बाहेर अशी घासायची. घाई नाही, जोर नाही. कागद मऊ होऊन तिच्या हातात बसायचा. मग ती पाकळी माठाच्या पोटावर घालायची, मधोमध ओल्या फडक्याची घडी ठेवायची आणि काठ उघडे सोडायची. लू यायची, काठ वाळायचे, आखडायचे. फडकं सुकलं की पुन्हा ओलं करायचं. काठ पक्के झाले की फडकं काढायचं. पाकळी माठावरून उचलली की तिचं पोट तसंच राहायचं.

मी करायला गेलो तर दोन पाकळ्या फाडल्या. माझ्या हाताला हातोड्याचं वजन ठाऊक होतं, पळीचं नव्हतं.

"हळू," ती म्हणाली. "त्याले हातात राहू द्या. तुमचा हात त्याले धरून राहिला नाही, दाबून राहिला."

मी गुपचूप कापायच्या कामाला लागलो. मालक होतो, मदतनीस झालो. प्रज्ञा संध्याकाळी बँकेतून आली, गच्चीवर डोकावली आणि म्हणाली, "वाह मम्मी! पापा को काम पे लगा दिया?" विमल पदरानं तोंड पुसताना हसली, ते मी पाहिलं.

सोळा पाकळ्या झाल्या. मग मी पंडरीला, कापडाच्या बाजारात, जाऊन मलमल आणली, तिच्या पट्ट्या फाडल्या आणि मैद्याच्या खळीत बुडवून पाकळ्यांच्या काठांना आतून चिकटवल्या, काठाला काठ भिडवून. बाहेरून विमलनं ओला हात फिरवून सांधे बसवले. वरून पांढरा रंग दिला, दोन हात. रंग वाळल्यावर मी डोळे मिटले आणि तळहात फिरवला, खालून वर, वरून खाली, आडवा. कुठेही अडखळला नाही. इतकी वर्षं मी हा तळहात स्वतःच्या कामावरून फिरवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामावरून फिरवला, आणि माझं स्वतःचं कुठलंच काम इतकं नितळ नव्हतं. मनातल्या मनात मला हे कबूल करावं लागलं. तोंडानं मी म्हणालो, "बरा झाला." माझी जीभ तेव्हा तेवढीच वळत होती.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी रामटेके भाऊ घरी आले. घुमटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि मला मिठीच मारली. सोबत त्यांनी निळ्या रंगानं रंगवलेली एक पाटी आणली होती, हातगाडीवर पुढे लावायला. पाटीवर लिहिलं होतं: "स्तूप: आयु. देवराव मेश्राम, निवृत्त, रेल्वे."

आयु. म्हणजे आयुष्मान, बाईच्या नावाआधी आयुष्मती. मला ती पाटी इतकी आवडली की काय सांगू. वॅगनवर कधी पत्रेवाल्याचं नाव लिहीत नाहीत. छत्तीस वर्षांत माझं नाव मी हजेरीपटाशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. मी ती पाटी हातात घेऊन बसलो. विमल चहा घेऊन आली, तिनं वाचली आणि म्हणाली, "अक्षर चांगलं हाय." मग कप ठेवून आत गेली. तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. लूचा शेवटचा झोत येत होता, पण घुमट जागचा हलला नाही. मावळतीचं ऊन त्याच्यावर तिरपं पडलं होतं. तिरप्या उजेडात कुठलीही खोट लपत नाही. मी गाडीच्या मागून चालत त्याच्याकडे पाहत होतो, आणि खोट काही सापडत नव्हती. लोक थांबून विचारत होते, कुठून आणला? पुढून कुणीतरी पाटीवरचं माझं नाव वाचून दाखवायचं. पहिल्या दोन वेळा छाती फुगली. तिसऱ्या वेळी माझी नजर विमलकडे गेली. ती बायकांच्या रांगेत होती, पांढऱ्या साडीत, हातात ध्वज. माझं नाव ऐकून तीही इतर बायकांबरोबर कौतुकानं मान डोलावत होती. खरोखर कौतुकानं. मला एकदम घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

विहारात पोचल्यावर वंदना झाली, खीर वाटली गेली आणि रामटेके भाऊंनी माइकवरून मला पुढे बोलावलं. हातात फुलं दिली. म्हणाले, "दोन शब्द बोला."

मी माइक धरला. तोंडाशी आलेलं भाषण वेगळंच होतं, गेले आठ दिवस मनात घोळवलेलं. ते मी गिळलं.

"हा घुमट माह्या बायकोनं केला," मी म्हणालो. "मी नुसत्या पाकळ्या कापल्या."

लोक हसले. त्यांना वाटलं, मोठा माणूस विनय दाखवतो आहे. टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला.

"मजाक नाही करून राहिलो," मी जरा जोरात म्हणालो. "माह्यानं होत नव्हता. दोनदा बिघडवला. मी फायबर मागवणार होतो. विमलनं पापड दाखवला अन् सांगितलं, असा करा. मले हे नाही येत. तिले येते."

सगळ्या माना बायकांकडे वळल्या. विमल लाजून खाली पाहील असं मला वाटलं होतं. ती उठून उभी राहिली, पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् दोन पाकळ्या बी फाडल्या ह्यांनी. ते बी सांगा."

विहार हसून हसून लोटपोट झाला. भंतेजीसुद्धा हसले. पाऱ्यात मी आयुष्यात इतका उघडा पडलो नव्हतो, आणि इतका ताठही कधी उभा राहिलो नव्हतो. माझी बायको सगळ्या विहारासमोर माझं काम तपासत होती आणि तिचं तपासणं बरोबर होतं.

रामटेके भाऊंनी तिथल्या तिथे निळा रंग आणि ब्रश मागवला. पाटीवर जागा थोडीच होती, माझ्या नावाच्या वर. मी ब्रश घेतला आणि तिथे लिहिलं, "आयु. विमल मेश्राम." अक्षर थोडं वाकडं आलं.

तो घुमट अजून विहारात आहे, कपाटावर, तिच्याच जुन्या साडीत गुंडाळलेला. दर वैशाखात आम्ही तो उतरवतो, रंगाचा एक हात देतो आणि गाडीवर चढवतो. दरवर्षी गर्दीतला एखादा नवा माणूस पाटी वरून वाचायला लागतो आणि विचारतो, "ये विमल मेश्राम कौन हैं?" मी त्याच्याजवळच कुठेतरी उभा असतो. मुद्दामच असतो. गमछा खांद्यावर नीट करतो आणि बोट दाखवतो.